ओकारीचं भेव

(दृश्य: परतवाडा बसस्थानक, सकाळ. चिखलदऱ्याची एसटी लागते.)

सगळे जागा धरायला दाराकडे धावतात. या ताई मात्र आधी गाडीला बाहेरून फेरी मारतात. खिडक्यांखाली ओघळ आहेत का, ते बघतात. घाटातल्या गाडीला ते असतातच. दिसले की गाडी सोडतात.

अचलपूर तालुक्यातलं गाव. चार एकरांत कपाशी आणि तूर. घरात सासू, नवरा, एक मुलगी. नाव सांगायचं नाही, असं आमचं ठरलं आहे.

ताईंना ओकारीचं भेव आहे. किळस सगळ्यांनाच येते, हे तसं नाही. आपल्याला होईल, समोरच्याला होईल, एवढ्या विचारानंच त्यांचे हातपाय गार पडतात. डॉक्टर याला एमेटोफोबिया म्हणतात. बहुधा लहानपणीच सुरू होतो, बायकांमध्ये जास्त दिसतो. माणूस घाबरला की पोट ढवळतं, पोट ढवळलं की वाटतं आता होणारच, आणि भेव दुप्पट होतं. ताईंना शेवटची उलटी झाली नवव्या वर्षी. आज त्या चौतीस वर्षांच्या आहेत.

(दृश्य: शेतात रोडग्यांची पंगत.)

वांग्याची भाजी, वरण, तुपात बुडालेले रोडगे. ताई आधी वास घेतात, मग अर्धाच रोडगा घेतात. "काहून वो बाई, आमचं अन्न गोड लागत नाई काय?" लग्नानंतर वर्षभर तर दुसराच प्रश्न होता: "दिवस गेले काय वो?" आणि नेमकी त्याचीच त्यांना धास्ती होती, गरोदरपणातल्या उलट्यांची. कुणी बाहेरचं आहे म्हणालं, लिंबू उतरवलं.

कपाशीच्या या मुलखात ओकारीला आणखी एक अर्थ आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हापासून पाठीवर पंप घेऊन गेलेला माणूस परत येईपर्यंत घरोघरी जीव टांगणीला असतो. एका संध्याकाळी ताईंचा नवरा शेतातून आला आणि म्हणाला, "मयमय होते."

"मी आत पळाली. कडी लावली. शेजारच्यायनं त्याले दवाखान्यात नेलं. तो वाचला. पण मी त्याच्याजवळ गेली नाई."

हे सांगताना त्या बराच वेळ थांबतात. आम्ही कॅमेरा बंद केला होता. त्यांनीच सुरू करायला सांगितला.

त्यानंतर नवऱ्यानंच १४४१६ लावला. टेलिमानसची ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन २०२२ पासून सुरू आहे. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तिथून जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचार तज्ज्ञांकडे. उपचार म्हणजे भेवाच्या पायऱ्या पाडायच्या आणि एकेक चढायची. पहिले दोन आठवडे फक्त 'ओकारी' हा शब्द कागदावर लिहायचा, मोठ्यानं वाचायचा. मग चित्र. मग नुसता आवाज. प्रत्येक पायरीवर पळायचं नाही, भेव आपोआप ओसरेपर्यंत थांबायचं. पळालं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि मनाला पटतं की पळालो म्हणूनच वाचलो. पदराची आवळासुपारी, पर्समधली पिशवी, हेही पळणंच. तेही सोडायचं.

(दृश्य: पुन्हा बसस्थानक.)

आजच्या गाडीला ओघळ आहेत. तिसऱ्या खिडकीखाली, वाळलेले. ताई बघतात. पर्समधली घडी केलेली पिशवी काढून नवऱ्याच्या हातात देतात आणि चढतात. आज घाट नाही, त्याच्या अलीकडेच उतरायचं आहे.

"धामणगाव गढी, एक."

नवरा पिशवी मुठीत धरून फलाटावर उभा आहे.