मांडूची चिंच कुणाच्या रुमालातून आली

नमस्कार मंडळी! आज उपास असेल तर ताटाकडे बघा, साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे, हिरवी मिरची, चारही मूळचे अमेरिका खंडातले, माणसांनी जहाजांतून आणलेले. आणि इंदूरच्या सराफ्यात खिचडीवर मिक्सचर पेरून देतात ना, तशी खिचडी पुण्यामुंबईला मिळत नाही, हे माझं ठाम मत आहे.

तर अशीच माणसांबरोबर आलेली मध्य प्रदेशातल्या मांडूची चिंच, म्हणजे खुरासानी इमली, मराठीत गोरखचिंच, इंग्रजीत बाओबाब. ग्वाल्हेरची आत्या आली होती, तिला मांडू दाखवायला नेलं, तर ही जहाज महाल सोडून रस्त्याकडेच्या त्या झाडापाशीच थांबली. खोड एवढं जाड की आम्ही चौघांनी हात धरले तरी वेढा पुरेना. खाली एक बाई फळं घेऊन बसलेली, लांबट, लव असलेली, कडक कवचाची. तिनं एक दगडावर फोडलं, आत खडूच्या भुकटीसारखा पांढरा गर, तोंडात टाकला की आंबटगोड विरघळतो आणि उरते काळपट बी. आत्यानं सगळ्या बिया रुमालात बांधल्या आणि म्हणाली, "अगं, हे झाड इथं असंच कुणाच्या तरी रुमालातून आलं असणार!"

खरंच की! हे झाड मूळचं आफ्रिकेचं, तिथं हत्ती आणि बबून माकडं फळं खाऊन बिया पसरवतात. इथवर मात्र माणसानंच आणलं, व्यापारी असतील, खलाशी असतील, कारण फळ वाळलं तरी महिनोन्महिने टिकतं. आफ्रिकेत हत्ती, इथं माणूस, एवढं लक्षात ठेवा.

बियांची साल फार टणक, म्हणून आत्यानं त्या कडकडीत पाण्यात घालून रात्रभर ठेवल्या आणि मग कुंडीत लावल्या. दोन उगवल्या, पण पानं साधी, एकेकटी, आत्या म्हणे फसवलं आपल्याला! तर तसं नाही, रोप लहान असताना पानं साधीच असतात, बोटांसारखी फाटलेली पानं नंतर येतात.

मध्यंतरी मांडूकडची ही मोठी झाडं मुळासकट उपटून हैदराबादला न्यायचा घाट घातला होता, गावकऱ्यांनी विरोध केला ते फार चांगलं केलं. हवं तर बी न्या, जुनं झाड कशाला उपटता?

आणि माणूस नकळतही बी नेतो. गाजरघास, म्हणजे गाजरगवत, अमेरिकेतलीच, 1955 मध्ये पुण्यात नोंद झाली, आता बायपासच्या दोन्ही बाजूंना तीच. बारीक बी टायरला, बुटाला चिखलातून चिकटतं आणि पुढच्या कॉलनीत पोचतं. म्हणून पावसाळ्यात दिसली की फुलं यायच्या आधी उपटा, फुलं यायच्या आधी हं, आणि ग्लव्ज घालूनच, अंगाला फार खाज सुटते.