पोटभर जेवूनही वजन उतरतं तेव्हा

नमस्कार श्रोतेहो.

"अगं, किती बारीक झालीस! काय करतेस तरी काय?" माझ्या एका पेशंटबाईंना हळदीकुंकवापासून भिशीपर्यंत सगळीकडे हे ऐकावं लागत होतं. वय 38. चार महिन्यांत 7 किलो वजन उतरलेलं. ना डाएट, ना सकाळचं चालणं. उलट दोन पोळ्यांच्या जागी चार जात होत्या. त्यांनी शिंप्याकडून सगळे ब्लाउज आत घेऊन आणले होते, आणि मनातून त्या खूशच होत्या. दवाखान्यात आल्या त्या भलत्याच कारणानं. घरी सत्यनारायण होता आणि पळीतून पाणी सोडताना हात इतका थरथरला की गुरुजींनीच विचारलं, "ताई, बरं नाही का?"

मी त्यांना दोन्ही हात समोर पसरायला सांगितले आणि बोटांवर केसपेपर ठेवला. कागदाची कड पिंपळाच्या पानासारखी हलत होती. नाडी मिनिटाला 118, आणि त्या तर अर्धा तास बाकावर नुसत्या बसून होत्या. तळवे गरम, ओलसर. नुसत्या काळजीनं धडधडतं तेव्हा हात बहुधा गार पडतात, आणि झोप लागली की नाडीही शांत होते. इथे तसं होत नाही. हृदय रात्रीसुद्धा धावतच असतं.

आपल्याकडे "मला थायरॉइड आहे" म्हटलं की ऐकणाऱ्याला वाढलेलं वजन, आळसावलेलं शरीर आणि सकाळची अनशापोटी घ्यायची गोळी आठवते. ती झाली थायरॉइड कमी पडण्याची गोष्ट. आज मी बोलतोय ते बरोब्बर उलट आजाराबद्दल, म्हणजे थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करू लागते त्याबद्दल. तो तुलनेनं कमी दिसतो, आणि वजन कमी होणं ही आपल्याला तक्रार वाटतच नाही, म्हणून तो लपून राहतो.

गळ्यात पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या जरा खाली, ही फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी असते. वजन जेमतेम 20 ग्रॅम. मीठ-अन्नातलं आयोडीन घेऊन ती टी-फोर आणि टी-थ्री ही संप्रेरकं बनवते. शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीनं किती वेगानं इंधन जाळायचं, हे ती ठरवतात. त्यांचं प्रमाण वाढलं की खाल्लेलं पुरत नाही. मग शरीर आधी चरबी आणि पाठोपाठ स्नायूही जाळायला घेतं. घरातले सगळे डिसेंबरात गोधडीत शिरतात आणि या माणसाला पंखा हवा असतो. शौचाला दिवसातून दोन-तीनदा जावं लागतं. पाळी कमी जाते किंवा चुकते. झोप उडते, चिडचिड होते. घरातले म्हणतात, स्वभावच बदलला हिचा.

मांड्यांचं मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. उकिडवं बसल्यावर हात न टेकता उठता येत नाही. जिना चढताना कठडा धरावा लागतो. हाडंही आतल्या आत विरळ होत जातात, पण ते फ्रॅक्चर होईपर्यंत कळत नाही.

वयस्कर माणसांत तर हा आजार फसवतो. त्यांना बरेचदा थरथर नसते, घामही नसतो. आजोबा नुसते गप्प बसून असतात, वाळत चाललेले. "वय झालं आता," म्हणून सोडून देतात. पण नाडी हाताला लागली आणि ठेका चुकलेल्या तबल्यासारखी अनियमित वाटली, तर ताबडतोब दाखवा. त्या बेताल हृदयात रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो.

या आजाराचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे ग्रेव्ह्ज डिसीझ. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज या डॉक्टरांनी 1835 मध्ये त्याचं वर्णन केलं. यात आपलीच प्रतिकारशक्ती ग्रंथीला चुकीचा हुकूम देत राहते. काहींचे डोळे बटबटीत होतात, पापणी पुरती मिटत नाही, डोळ्यांत सारखं खुपतं. हे पेशंट सिगारेट ओढत असतील तर डोळ्यांचं दुखणं आणखी बिघडतं.

रिपोर्टबद्दल एक सांगतो, कारण यावरून फार घोटाळे होतात. टीएसएच हे ग्रंथीचं नव्हे, मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचं संप्रेरक आहे. तिला मुकादम समजा. मजूर आळशी झाले की मुकादम ओरडतो, टीएसएच वाढतं. मजूर सांगितल्यापेक्षा जास्तच काम करू लागले की मुकादम गप्प बसतो, टीएसएच जवळपास शून्यावर येतं. म्हणून टीएसएच 'लो' आलं म्हणजे थायरॉइड कमी, असं घरच्या घरी ठरवू नका. आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा. त्यांच्यामुळे काही प्रयोगशाळांत आजार नसतानाही असा रिपोर्ट येऊ शकतो.

उपचार चांगले आहेत. धडधड आणि थरथर आवरायला प्रोप्रानोलॉल देतात, पण दमा असेल तर तसं आधी सांगायचं. ग्रंथीला आवर घालायला कार्बिमाझोल असतं. त्याचा गुण यायला काही आठवडे जातात, कारण ग्रंथीत आधी बनवून ठेवलेला साठा असतो, तो संपावा लागतो. गोळ्या साधारण वर्ष-दीड वर्ष चालतात. ही गोळी चालू असताना ताप आला आणि घसा धरला, तर हळद-गुळण्यांवर भागवू नका. क्वचित कुणाच्या पांढऱ्या पेशी एकदम घसरतात. गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे आणि रक्त तपासायचं. गोळ्यांनी भागलं नाही तर किरणोत्सारी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया. आयोडीननंतर बहुतेकांची ग्रंथी मंदावते आणि मग ती अनशापोटीची गोळी कायमची येते. गरोदर बाईला हे आयोडीन देत नाहीत. दिवस राहण्याचा विचार असेल तर गोळ्यांबद्दलही आधीच बोलून घ्या, त्या बदलाव्या लागतात.

त्या बाई तीन महिन्यांनी आल्या. नाडी 76, कागद स्थिर. वजन 5 किलोनं वाढलेलं, आणि तक्रार एकच, ब्लाउज पुन्हा उसवावे लागणार. शिंप्यानं आत माया ठेवली होती म्हणून बरं.