मुरूम किती पडला, कोण सांगणार?

(मे महिना, सकाळ. यवतमाळ जिल्ह्यातला एक कच्चा रस्ता, दोन्हीकडे नांगरलेली रिकामी वावरं.)

काठीच्या टोकावर ते पांढरं गोल डबडं दिसतंय ना, तो रोवर. भूमी अभिलेखवाले मोजणीला आणतात तोच, म्हणून गावात त्याचं आता नवल राहिलं नाही, उलट लोकं आधी हेच विचारतात की कोणाच्या धुऱ्याची, म्हणजे बांधाची, मोजणी लागली. आज धुरा नाही, रस्ता मोजायचाय, त्याचं कॉम्प्युटरवरचं मॉडेल बनवायला. सर्व्हे ऑफ इंडियाची कायमची स्टेशनं आहेत, कॉर्स म्हणतात त्याला, तिथून मोबाईल नेटवर दुरुस्ती येते आणि मग रोवर दोन-तीन सेंटिमीटरच्या फरकात सांगतो की आपण कुठं उभे आहोत आणि किती उंचीवर. खिशातल्या फोनचा जीपीएस दोन-चार मीटर सहज सरकतो. आता नेट गेलं की रोवरवालाही झाडाखाली जाऊन बसतो, ते वेगळं.

सेंटिमीटरचं एवढं काय घेऊन बसलात असं वाटंल, तर हिशोब करा. रस्त्याची वरची रुंदी साडेसात मीटर धरली आणि भरावात फक्त 10 सेंटिमीटर कमी-जास्त झालं, तर एका किलोमीटरला 750 घनमीटर मालाचा फरक पडतो. म्हणजे जवळपास 265 ब्रास मुरूम! आणि वरून खडी, डांबर झालं की तो मुरूम पडला का नाही हे बघायला रस्ता खोदावा लागतो, आणि तो कोणी खोदत नाही.

आजवरची पद्धत अशी की लेव्हल घ्यायची, स्टाफ म्हणजे आकड्यांची उभी पट्टी, ती धरायला एक माणूस, दर 25-30 मीटरवर एक क्रॉस सेक्शन, म्हणजे रस्त्याचा आडवा छेद, आकडे लेव्हल बुकात, तिथून मोजमाप पुस्तकात, तिथून बिलात. प्रत्येक ठिकाणी हाताने उतरवलेलं. पद्धत वाईट नाही, याच पद्धतीनं देशभर रस्ते झालेत. पण दोन सेक्शनच्या मधात काय आहे ते कागदाला माहीत नसतं, कागद तिथं सरळ रेघ मारून मोकळा होतो. आणि नेमका त्या मधातच नालीसारखा एखादा खोलगट भाग असतो, जिथून जुलैत पाणी आडवं जाते.

(काळ्या मातीच्या भेगा, जवळून.)

आता ही माती बघा. हात जाईल एवढ्या भेगा. पावसात हीच माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचा रस्ता तिच्यासोबत वर-खाली होतो. भिजलेल्या काळ्या मातीचा सीबीआर, म्हणजे भार पेलायची ताकद म्हणा, 2-3 टक्क्यांवर येते. म्हणून आपल्याकडं रस्ता फुटतो तो बहुतेक वेळा डांबरापासून नाही, खालून फुटतो, आणि त्याचं कारण पाणी. रस्ता उंच केला, बाजूची नाली नाही काढली, मोरी चुकीच्या जागी टाकली, झालं, एका बाजूच्या कास्तकाराच्या पऱ्हाटीत तळं आणि रस्ता दुसऱ्याच पावसाळ्यात खचलेला.

डिजिटल मॉडेल म्हटलं की लोकांना स्क्रीनवर फिरणारा रंगीत थ्रीडी रस्ता आठवतो, उद्घाटनाच्या व्हिडिओतला. तो शोभेचा. कामाचं मॉडेल म्हणजे आधीच्या जमिनीचा सगळा पृष्ठभाग, त्यावर रस्त्याचे थर, प्रत्येक थराची जाडी, मोऱ्या, नाल्या, आणि प्रत्येक गोष्टीला चिकटलेली माहिती की हा माल कुठला, टेस्ट कधी झाली, रिझल्ट काय. काम झाल्यावर परत मोजायचं आणि कॉम्प्युटरला म्हणायचं, नवीन पृष्ठभागातून जुना वजा कर. मुरमाचा आकडा समोर. तो आकडा इंजिनिअरही काढू शकतो, कंत्राटदारही, आणि उद्या ऑडिटवालाही, तिघांचा सारखाच यायला पाहिजे.

पृष्ठभाग मोजायला ड्रोन लय कामाचा, पण त्याचं एक टायमिंग आहे, ते पुण्या-मुंबईच्या कन्सल्टंटला चुकते. फोटोवाल्या ड्रोनला वरून जे दिसते तेच तो जमीन समजतो. नोव्हेंबरात उडवला तर माणसापेक्षा उंच झालेल्या तुरीचा शेंडा म्हणजे जमीन! म्हणून आपल्याकडं हा सर्व्हे एप्रिल-मेमध्येच, वावरं मोकळी असताना. आणि तरी पाण्याची वाट सगळी ड्रोनला कळत नाही. 2 वर्षांआधी पूर कुठपर्यंत आला होता, कोणत्या बाभळीपाशी पाणी अडते, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारायचं, तिथं रोवर टेकवायचा आणि तो पॉइंटही मॉडेलात टाकायचा. माझ्या मते या अख्ख्या प्रकारातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा डेटा हाच आहे.

बरं, सरकारकडं डेटा नाही असं नाही. पंतप्रधान ग्राम सडक योजना 2000 साली आली, तिचा हिशोब ऑनलाइन आहे, 2015 पासून मेरी सडक ॲपवर कोणीही फोटो टाकून तक्रार करू शकतो, रस्त्यांचे जीआयएस नकाशे 2022 मध्ये सगळ्यांसाठी खुले झाले. या योजनेत 5 वर्षं देखभाल त्याच कंत्राटदाराकडं असते आणि ई-मार्ग सिस्टीमवर रस्त्याची हालत बघून त्याचे पैसे निघतात. हे चांगलंच आहे. पण नकाशावर रस्ता म्हणजे एक रेघ. त्या रेघेखाली काय भरलंय, ते नाही.

कारण मॉडेल बनतं ते डीपीआर, म्हणजे कामाचा सविस्तर अहवाल, करणाऱ्या कन्सल्टंटच्या लॅपटॉपवर. ऑफिसला येते पीडीएफ आणि प्रिंट. पीडीएफमधून लेव्हल परत हाताने टाईप करायच्या, कंत्राटदाराचा सर्व्हेअर परत मोजणार, बिलाला परत मोजणार. एकच रस्ता चार वेळा मोजला आणि चारही आकडे वेगळे, मग भांडण. यावर औषध आहे, खुला फॉरमॅट. आयएफसी नावाचा एक आहे, आधी इमारतींसाठी होता, 4.3 आवृत्तीत रस्ते, पूल, रेल्वे आले आणि 2024 मध्ये ती आयएसओ मानक झाली. कोणत्याही एका कंपनीच्या सॉफ्टवेअरची गुलामी नाही. नॉर्वेत तर 634 मीटरचा एक पूल कागदी ड्रॉइंगशिवाय, निव्वळ मॉडेलवरून बांधला. आपल्याला लगेच तेवढं नको. उपविभागाच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर फाईल उघडली पाहिजे, एवढं झालं तरी खूप.

आपल्या भागात मशीन कमी नाहीत, 2022 च्या जूनमध्ये अमरावती-अकोला रस्त्यावर 75 किलोमीटर डांबराची एक लेन 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीज रेकॉर्ड झाला. म्हणजे वेग आहे. गावरस्त्याला अडचण वेगाची नाही, माहिती हातोहात पुढं जाण्याची आहे.

आणि खर्चाचं म्हणाल तर निविदेत एक अट टाकायची आहे: शेवटचं बिल निघायच्या आधी झालेल्या कामाचं मॉडेल खुल्या फॉरमॅटमध्ये जमा करा, आणि ऑफिसनं 10-12 ठिकाणी रोवर टेकवून ते तपासावं. जुळलं तर बिल. नाही जुळलं तर परत मोजा.

(नव्या डांबरी रस्त्याच्या कडेनं जेसीबीनं मारलेला चर, निळा पाइप.)

हे मात्र कोणत्या मॉडेलात नव्हतं. रस्ता झाला, मग जलजीवनची पाइपलाइन आली, साइड पट्टी खोदली, माती तशीच लोटून दिली, आता पाऊस तिथूनच आत शिरणार. पाइप एका खात्याचा, रस्ता दुसऱ्या खात्याचा, मंजुरी दोन्हीला वर्षभर आधीची. पाइपाची रेघ रस्त्याच्या फाईलवर ठेवून बघायला अर्धा तास लागला असता, फक्त दोन्ही फाईली एका टेबलावर यायला पाहिजे होत्या.