तनियमद?

नमस्कार, श्रोतेहो.

विमान कोलंबोला उतरताना सूचना झाली की घड्याळं बदलायची गरज नाही. श्रीलंकेची वेळ आणि आपली वेळ एकच. आजूबाजूची माणसं उठून बॅगा काढत होती आणि मी बसूनच होते. खरं सांगते, मला उठावंसंच वाटत नव्हतं. आम्ही दोघी मैत्रिणी येणार होतो. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन अचानक ठरलं, तिकिटाचे पैसे परत मिळणार नव्हते, म्हणून मी एकटी आले होते.

पंचविशीत मी एकटीच फिरायचे. एसटीने विजापूर, तिथून हंपी. रात्री कुठे राहायचं ते संध्याकाळी ठरायचं. पुढे संसार, नोकरी, आणि परदेशी गेले ती नेहमी ग्रुपबरोबर. त्या दौऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. माझ्या आईने सत्तराव्या वर्षी पहिल्यांदा पासपोर्ट काढला तो अशाच एका ग्रुपच्या भरवशावर, आणि तिचा तो आनंद मी पाहिलेला आहे. पण त्या प्रवासांत मला कधी कुणाला काही विचारावं लागलं नाही. बस किती वाजता, खोली कोणती, जेवण कुठे, सगळं कागदावर. विचारायची सवय गेली, आणि तिच्याबरोबर हौसही गेली. हे मला कटुनायकेच्या, म्हणजे कोलंबोच्याच, विमानतळाबाहेर, १८७ नंबरच्या बसपाशी उभी असताना कळलं. ही कोलंबो फोर्टला जाते का, एवढंच विचारायचं होतं. ते जिभेवर यायला वेळ लागला.

"फोर्ट, फोर्ट. या अक्का," कंडक्टर म्हणाला.

अक्का! सिंहलीत थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. हा शब्द दाक्षिणात्य भाषांतून त्यांच्याकडेही गेला आणि आपल्याकडेही आला. मी खिडकीपाशी बसले. शेजारच्या बाईंच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत कवठं. तिकडे त्याला दिवुल म्हणतात आणि त्याचं सरबत करून पितात. आमच्याकडे महाशिवरात्रीला गूळ घालून चटणी करतात, हे मी त्यांना निम्म्या खुणांनी सांगितलं. त्यांनी विचारलं, "तनियमद?" मग माझा चेहरा पाहून इंग्रजीत सांगितलं, एकटीच का? मी घाईघाईने मैत्रिणीच्या गुडघ्याची सगळी हकीकत सांगितली. जणू एकटीने येण्याला काही कारण द्यायलाच हवं होतं.

तेवढ्यात कंडक्टर मागच्या बॅगा मोजायला लागला. एक, देक, तुन, हतर, पह. मी कान टवकारले. हय, हत, अट, नवय, दहय. आपले सहा, सात, आठ, नऊ, दहा! सिंहली आपल्या मराठीसारखीच संस्कृत-प्राकृताच्या घरातली. समुद्रापलीकडे, आपल्या मुलखापासून एवढी दूर, तरी आकड्यांत घरचं वळण राहिलेलं. मी त्याच्याबरोबर मोठ्याने मोजलं. बस हसली, आणि फोर्ट येईपर्यंत त्या बाईंनी माझ्याकडून दहापर्यंत तीनदा म्हणवून घेतलं. कितीतरी वर्षांनी छातीत ते जुनं धडधडणं जाणवलं. भीतीचं नव्हे, पुढे काय येईल याचं.

फोर्ट स्टेशनवर मी तिसऱ्या वर्गाचं गॉलचं तिकीट काढलं. गॉल म्हणजे आपण क्रिकेटमुळे ओळखतो ते गाव. रूळ आपल्यासारखेच ब्रॉडगेज. पण कोलंबोतून निघाल्यावर थोड्याच वेळात गाडी समुद्राला इतकी लगटते की भरतीचे तुषार दारापर्यंत येतात. दारं उघडीच असतात. वडेवाला आला. डाळीच्या वड्यावर अख्खी कोळंबी रुतवलेली, त्याला इस्सो वडे म्हणतात. वडा बांधलेला कागद कुणा पोराच्या वहीचा होता, त्यावर भागाकार होते. मी ते सगळे तपासले. एक चुकलेला होता.

हिक्कडुव यायच्या थोडं आधी समोरच्या गृहस्थांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. पेरलिय गाव. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने याच रुळांवर उभी असलेली गाडी उचलून फेकली, हजाराहून अधिक माणसं गेली. ते फार काही बोलले नाहीत. आत्याचं नाव सांगितलं, ती त्या गाडीत होती. बरोबर कुणी असतं तर आम्ही आपसात बोलत राहिलो असतो आणि या माणसाने तोंड उघडलं नसतं, असं मला ठामपणे वाटतं. एकट्या माणसाशेजारची जागा रिकामी असते, आणि लोक तिथे येऊन बसतात.

गॉलचा किल्ला आधी पोर्तुगीजांनी बांधला, मग डचांनी त्याची तटबंदी थोरली केली. १९८८ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. पण आत माणसं राहतात, शाळा भरते, मशिदीतून बांग येते. संध्याकाळी तटावर पोरं पतंग उडवत होती आणि खाली लाटा दगडांवर आपटत होत्या. गल्लीत एक रिक्षा धून वाजवत आली, मागे काचेच्या कपाटात ताजे पाव. तिथे पावाला पान् म्हणतात. शब्द पोर्तुगीजांचा, वसईला आणि गोव्यात ज्यांनी आपल्याला पाव दिला त्यांचाच. मी दोन मागितले. देक, म्हटलं.

पाववाल्याने कागदात बांधून देता देता विचारलं, "अक्का, तनियमद?"

"ओव्," मी म्हटलं. हो, एकटीच. गुडघ्याची गोष्ट काढली नाही.

पाव गरम होता. तटावर बसून एक खाल्ला आणि दुसरा सकाळच्या, पुढच्या मातर गावाला जाणाऱ्या गाडीसाठी ठेवला.