जागा बदलणारा भिडू

गणेशोत्सवाच्या दिवसांत सांगलीच्या गावभागात मूर्तीपाशी जागणाऱ्या कार्यकर्त्यांमध्ये रात्री पत्त्यांचा मेंढीकोट रंगतो, आणि पहाटेपर्यंत एखादा तरी भिडू आपल्याला साडेसाती लागल्याचे सांगून जागा बदलून घेतो. त्याचे गाऱ्हाणे एवढेच असते, की सलग तीन डावांत त्याच्या हाती एकही मेंढी, म्हणजे एकही दश्शी, आलेली नाही.

गाऱ्हाणे खरे आहे, पण त्यात आक्रीत काही नाही. ५२ पानांच्या कॅटात चार दश्श्या असतात आणि चौघांना प्रत्येकी १३ पाने मिळतात. चारही दश्श्या आपल्याच हाती येण्याचा योग सुमारे ३७९ डावांत एकदा येतो. एकही न येण्याचा मात्र १०० पैकी सुमारे ३० वेळा. नेमके ठरवलेले तीन डाव सलग कोरडे जाण्याची शक्यता ३६ मध्ये १ इतकी कमी असली, तरी रात्रभरात २० डाव झाले तर त्यांत कुठेतरी असे तीन डाव लागोपाठ येण्याची शक्यता एकाच खेळाडूसाठी जवळजवळ एक-तृतीयांश होते. चौघांचा विचार केला, तर कोणावर तरी ही पाळी येण्याचाच संभव अधिक.

हा हिशेब पाने उत्तम पिसलेली आहेत असे धरून केलेला आहे, आणि मेख तिथेच आहे. खेळताना उचललेल्या हातांत, म्हणजे चौघांनी एकेक टाकलेल्या पानांत, बहुधा एकाच रंगाची चार-चार पाने एकावर एक पडतात. वाटताना आधी पाच-पाच, मग चार-चार पाने दिली, की पहिल्या फेरीत २० पाने, म्हणजे बरोबर पाच हात, संपतात. कॅट पिसलाच नाही, तर त्यापुढची प्रत्येक चौकडी म्हणजे गेल्या डावातला एक अख्खा हात असतो. गप्पांच्या नादात दोन-तीनदाच पिसले, तरी इस्पिकांची रांग एकाच्याच हाती जाऊ शकते, आणि त्याला आज पान लागतेय, असे मांडवात ठरून जाते.

कॅटाचे दोन भाग करून पाने एकमेकांत फरफरत मिसळली, तर साधारण सात वेळा पिसणे पुरते, असे डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवून दिले. आपल्याकडे सर्रास चालते ती गठ्ठ्या-गठ्ठ्याने पाने या हातातून त्या हातात टाकण्याची रीत. तिला याच्या कितीतरी पट वेळ लागेल, आणि तेवढा धीर मांडवात कोणाला असतो?

जागा बदललेल्या भिडूला पुढच्या डावात, पाने नीट पिसली असतील तर, १०० पैकी ७० वेळा मेंढी येतेच, आणि श्रेय नव्या जागेला मिळते.