ढोल थांबतो तिथे: नवे मेटलकोअर अल्बम कसे ऐकावेत

(नाशिकमध्ये झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. फलकावर विषय लिहिलाय तो २०२४ आणि २०२५ मधल्या नव्या मेटलकोअर अल्बमांचा. समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी यातले निम्मे तरी ऐकले असतील, म्हणून मेटलकोअर म्हणजे काय इथून सुरुवात करत नाही. हार्डकोअर पंकचा राग आणि मेटलची गिटार, एवढं आपल्याला पुरे. अल्बमांकडे येतोच, पण त्याआधी 'जड' या शब्दाचा निकाल लावायचाय. नवा अल्बम आला की पहिला प्रश्न हाच असतो ना, मागच्यापेक्षा जड आहे का?

गणपतीची मिरवणूक डोळ्यांसमोर आणा. पन्नास ढोल, पंधरा ताशे. ढोल सलग वाजत असतात तेव्हा छातीत घुमतं, पण पाच मिनिटांत कान सरावतात. मग पुढचा हात वर करतो आणि ढोल एकदम बंद. फक्त ताशा कडकडत राहतो. गर्दी आपोआप गप्प होते. आणि पन्नास टिपरू एकाच वेळी पानावर पडतात. काटा येतो तो त्या ठोक्याला. ढोल तेच, हात तेच, जोरही तोच. मधे दोन सेकंद ढोल वाजला नाही, एवढाच काय तो फरक. नाशिक ढोलाच्या गावात हे मी वेगळं शिकवायला नको. इथल्या पथकातल्या पोराला ते अंगानं ठाऊक असतं.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे: जडपणा त्या थांबण्यात असतो. मेटलकोअरमध्ये त्या जागेला ब्रेकडाउन म्हणतात. नवा अल्बम चांगला की वाईट हे ठरवण्याआधी ती जागा आपल्या कानापर्यंत शाबूत पोचली का, हे बघायला हवं. बहुतेक वेळा ती वाटेतच बुजते.

(जाता जाता एक. पथकात वाजवणाऱ्यांनी आणि अशा कॉन्सर्टना जाणाऱ्यांनी कानात फोमचे बोळे घालाच. ८५ डेसिबल आठ तास चालतात, पण दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं उरतात. सरावालाही घाला. गेलेले कान परत येत नाहीत.)

आता ब्रेकडाउनच्या आत डोकावू. गिटारची सगळ्यात जाड तार साध्या ट्यूनिंगमध्ये ८२ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ८२ लाटांनी, बोलते. तीच तार सैल करून आणखी खाली उतरवली की ड्रॉप डीमध्ये ७३, ड्रॉप सीमध्ये ६५, ड्रॉप एमध्ये ५५. त्या ५५ हर्ट्झची एक लाट पुरी व्हायला १८ मिलिसेकंद लागतात. ड्रमर मिनिटाला २०० मात्रांच्या लयीत डबल बेस (दोन्ही पायांनी बेस ड्रम, मात्रेला चार ठोके) मारतो तेव्हा दोन ठोक्यांत ७५ मिलिसेकंदांचं अंतर असतं, म्हणजे जेमतेम चार लाटा. तेवढ्यात खालचा सूर नीट उभाच राहत नाही. म्हणून अशा वेगवान भागात मिक्स करणारे किकचा, म्हणजे बेस ड्रमच्या ठोक्याचा, खालचा भाग आखूड करतात आणि ३-४ हजार हर्ट्झवरची टकटक पुढे आणतात. ब्रेकडाउनमध्ये लय निम्मी होते ती याचसाठी. ठोक्याला पूर्ण उमलायला जागा मिळते आणि दोन ठोक्यांमध्ये खरीखुरी शांतता मिळते.

ती शांतताही आपोआप येत नाही, घडवावी लागते. इतकी गेन, म्हणजे आवाज फाटेपर्यंतची वाढ, चढवलेली गिटार हात उचलला तरी फुसफुसत राहते. म्हणून नॉइज गेट, म्हणजे सूर थांबला की आवाज बंद करणारं दार, लावतात, आणि गेटचा रिलीज, म्हणजे ते दार मिटायला लागणारा वेळ, थोड्याच मिलिसेकंदांवर आणतात. रिलीज फार लांब ठेवला तर फुसफुस शेपटीसारखी मागे राहते. फार आखूड केला तर सुराचं टोक कापलं जातं आणि रिफ, म्हणजे गिटारची पुन्हापुन्हा येणारी ओळ, तोतरी वाटते. तारही जाड लागते. साधा १०-४६ चा संच (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत) ड्रॉप एला लावलात तर तार लोंबते, आणि प्रत्येक फटक्याला सूर आधी वर चढून मग खाली येतो. म्हणून खालची तार साठच्या पुढची आणि शक्यतो २५.५ ऐवजी २७ इंची स्केल, म्हणजे तारेची लांबी. एवढी मेहनत करून वाजवणारे ती फट तयार करतात. आणि मग ती मास्टरिंगच्या, म्हणजे तयार गाण्याचा आवाज शेवटचा बसवण्याच्या, टेबलावर भरून टाकली जाते: उंच ठोके दाबून सगळा आवाज सारखाच मोठा केला जातो.

इथे मला थोडा वेळ द्या, कारण हे दुखणं जुनं आहे. मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' १२ सप्टेंबर २००८ ला आला. त्याच सुमारास तो 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेमसाठीही उपलब्ध झाला. गेमला प्रत्येक वाद्य वेगळं लागतं, म्हणून गाण्यांचे ट्रॅक शेवटचं दाबणं होण्याआधीचे दिले गेले. ऐकणाऱ्यांनी सीडी आणि गेम दोन्हींचे आलेख शेजारी शेजारी मांडले. गेमच्या आलेखात ड्रमचा प्रत्येक ठोका सुळक्यासारखा उभा. सीडीचा आलेख म्हणजे सपाट विटकर. सीडीत शिखर आणि सरासरी यांतलं अंतर ३ डेसिबलच्या आसपास उरलं होतं. जागोजागी आवाज फाटलेला. हजारोंनी सह्या करून पुन्हा मिक्स करण्याची मागणी केली. मास्टरिंग करणारे टेड जेन्सेन यांनी कळवलं की मिक्स त्यांच्याकडे येतानाच दाबलेले होते. जगातल्या सगळ्यात मोठ्या मेटल बँडचं संगीत नीट ऐकायचं तर गेम विकत घ्यावा लागावा, याचं मला आजही वाईट वाटतं.

हे दाबण्याचं काम लिमिटर नावाचं साधन करतं. लिमिटर करतो काय, ते नीट समजून घ्या. किक पडली की तो सगळा आवाज क्षणभर खाली ओढतो आणि मग सोडतो. सोडताना ठोक्यानंतरचं जे काही असेल, झांजेची शेपटी, खोलीची घूं, फुसफुस, ते वर येतं. ठोका खाली, शांतता वर. म्हणजे नेमकी ती दोन सेकंदं भरली जातात. मिरवणुकीत ढोल थांबल्यावर कुणी जनरेटर चालू केला तर कसं वाटेल, तसं.

आणि आता तर या दाबण्याचा काही फायदाही उरलेला नाही. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला सगळी गाणी -१४ एलयूएफएसवर आणतं, ॲपल म्युझिक -१६ वर. एलयूएफएस म्हणजे कानाला वाटणाऱ्या आवाजाचं माप; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका आवाज मोठा. समजा एक अल्बम -६ पर्यंत दाबलाय आणि दुसरा -१०. स्पॉटिफाय पहिल्याला ८ डेसिबल खाली आणणार, दुसऱ्याला ४. दोन्ही सारखेच मोठे ऐकू येतील, पण दुसऱ्याच्या ड्रमचा ठोका पहिल्यापेक्षा ४ डेसिबल उंच उभा राहील. दाबणाऱ्याच्या हाती काहीच लागलं नाही.

म्हणून घरी गेल्यावर सेटिंगमध्ये तीन गोष्टी करा. नॉर्मलायझेशन, म्हणजे गाणी एका मापावर आणणं, चालू असू द्या, पण 'लाउड' वरून 'नॉर्मल' वर आणा. 'लाउड' मध्ये -११ गाठण्यासाठी ॲप स्वतःचा लिमिटर लावतं. बेस बूस्ट बंद करा. आणि अल्बम अल्बम म्हणूनच, पहिल्या गाण्यापासून ओळीनं लावा. प्लेलिस्टमध्ये किंवा शफलवर ॲप प्रत्येक गाणं वेगळं मोजून वरखाली करतं, त्यामुळे मुद्दाम हळू ठेवलेलं गाणं शेजारच्या धडाक्याएवढं मोठं होतं. पूर्ण अल्बम लावला तर सगळ्या गाण्यांना एकच माप लागतं आणि चढउतार जसाच्या तसा राहतो.

फोनच्या स्पीकरवर नवा अल्बम पहिल्यांदा किती जणांनी ऐकलाय, हात वर करा. बरेच आहेत. हात खाली घ्या, रागावत नाही. फोनचा स्पीकर २०० हर्ट्झच्या खाली जवळपास काहीच देत नाही. तरी ५५ चा सूर ओळखू येतो, कारण त्याचे ११०, १६५, २२०, २७५ असे वरचे सूर असतात आणि मेंदू त्यांतल्या ५५ च्या अंतरावरून मूळ सूर जुळवून घेतो. सूर कळतो, वजन कळत नाही. किकची नुसती टकटक उरते. जो खालचा आवाज आलाच नाही, तो थांबला हे तरी कसं कळणार?

स्पीकर असले तरी खोली आडवी येते. सिडकोतली किंवा इंदिरानगरमधली दहा बाय दहाची बेडरूम घ्या. दहा फुटांच्या दोन समांतर भिंतींमध्ये उभी राहणारी पहिली लाट साधारण ५६ हर्ट्झची. आणि ड्रॉप एची तार ५५ ची! म्हणजे गिटार थांबली तरी खोली अर्धा सेकंद घुमत राहते आणि ब्रेकडाउनची फट आपली भिंतच भरून काढते. भिंतीला टेकून बसलात तर तो सूर फुगतो, खोलीच्या बरोबर मधोमध बसलात तर गायब होतो. खुर्ची समोरच्या किंवा मागच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर ठेवा. स्पीकर कोपऱ्यातून काढून दीड-दोन फूट पुढे घ्या. अंड्यांचे ट्रे चिकटवू नका. ५६ हर्ट्झची लाट वीस फूट लांब असते, दोन इंची पुठ्ठा तिचं काय वाकडं करणार? गोधड्यांनी भरलेलं उघडं कपाट थोडीफार मदत करतं. हे जमत नसेल तर वायरचे, कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्या. खोलीचा प्रश्नच मिटतो.

संयोजकांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरली आहेत. अल्बम भरभर घेतो. कसोटी एकच, थांबतात कसे.

नॉक्ड लूज, 'यू वोन्ट गो बिफोर यू आर सपोज्ड टू', मे २०२४. दहा गाणी, सत्तावीस मिनिटं. थांबण्याची कला शिकायची तर इथे. गायिका पॉपीबरोबरचं 'सफोकेट' ऐका: ब्रेकडाउन सुरू होतो आणि लय अचानक रेगेटॉनची होते. नाचाची लय या जागी येईल असं कानाला वाटलेलंच नसतं, म्हणून ती दगडासारखी पडते.

ब्रिंग मी द होरायझन, 'पोस्ट ह्यूमन: नेक्स जेन', तोही मे २०२४. यातलं 'डाय फॉर यू' सप्टेंबर २०२१ मध्येच सुटं आलं होतं. अडीच वर्षं सुटं ऐकलेलं गाणं अल्बमात ऐकताना कान पुढच्या गाण्याची वाट बघतच नाही. आर्किटेक्ट्सचंही तेच. 'द स्काय, द अर्थ अँड ऑल बिटवीन' २८ फेब्रुवारी २०२५ ला आला, पण 'सीइंग रेड' डिसेंबर २०२३ चं. निर्माता जॉर्डन फिश, ब्रिंग मी द होरायझनमधून बाहेर पडलेला, आणि त्याचे इलेक्ट्रॉनिक थर ओळखू येतात. कोरस मोठे झाले, मधल्या फटी मात्र भरल्या गेल्या. मला यांचे आधीचे, मोकळे अल्बम जवळचे वाटतात.

किलस्विच एंगेज, 'धिस कॉन्सिक्वेन्स', त्याच फेब्रुवारीत. २००२ च्या 'अलाइव्ह ऑर जस्ट ब्रीदिंग' पासून गिटारिस्ट ॲडम डुटकेविझच निर्मितीत आहे. नवं काही शोधू नका, घडण पक्की आहे.

स्पिरिटबॉक्स, 'सुनामी सी', ७ मार्च २०२५, अकरा गाणी. या यादीत माझी पहिली पसंती. कोर्टनी लाप्लांट एका ओळीत गुरगुरते आणि पुढच्या ओळीत श्वास ऐकू येईल इतकं हळू गाते. हा अल्बम शफलवर लावलात तर निम्मा वाया गेला.

स्लीप टोकन, 'ईव्हन इन आर्केडिया', ९ मे २०२५. याला मेटल म्हणायचं का यावर बाहेर चहाच्या वेळी भांडू. थांबण्याच्या कसोटीवर पास, कारण गाण्याचा बराच भाग पियानो आणि आवाजावर जातो आणि गिटार उशिरा येते. लॉर्ना शोरचा सप्टेंबर २०२५ चा अल्बम तासाहून मोठा. डेथकोअर, म्हणजे डेथ मेटल मिसळलेलं मेटलकोअर, आणि वर ऑर्केस्ट्रा. कौशल्य अफाट, पण फटी फार थोड्या. दोन बैठकांत ऐका.

आणि आपल्या घरचा, दिल्लीच्या ब्लडीवुडचा 'नू दिल्ली', २१ मार्च २०२५, आठ गाणी. त्यात ढोल आहे, पण तो पंजाबी. एका बाजूला जाड वाकडा डग्गा, दुसऱ्या बाजूला वेताची बारीक तिल्ली. आपल्याकडे एका बाजूला टिपरू आणि दुसरीकडे हाताची थाप, वरची कडकड ताशाकडे. त्यांच्याकडे ढोल आणि ताशा दोन्हींचं काम एकच वाद्य करतं. तिल्ली स्नेअर ड्रमच्या जागी बसते, डग्गा किकला जाऊन मिळतो. आपला ढोल-ताशा असा ड्रॉप एच्या गिटारीसमोर नीट माइक लावून कुणी रेकॉर्ड केला तर काय होईल, हा विचार इथल्या पोरांनी करावा. ढोलाच्या पानाला एक माइक, थापेच्या बाजूला दुसरा, आणि ताशे दहा-बारा फूट लांब बसवायचे, नाहीतर ताशा सगळ्या माइकमध्ये शिरतो.

वेळ संपली. याच अल्बममधलं शीर्षकगीत आता लावतोय. आवाज मध्यमच ठेवलाय. मागे भिंतीला टेकून बसलेल्यांनी दोन ओळी पुढे या.