सिल्व्हर फ्लूट येतो? मग पहिला आयरिश फ्लूट जपून घ्या

नमस्कार मंडळी. माझ्या मागे भिंतीवर तो लाकडी फ्लूट टांगलाय, दिसतोय? तो माझा पहिला आयरिश फ्लूट. शिसमचा, आठ कीजचा (की म्हणजे भोक झाकणारी धातूची कळ), ऑनलाइन मागवलेला. फोटोत इतका देखणा होता आणि इतका स्वस्त, की मला वाटलं घबाडच लागलं. घरी आल्यावर बघते तर कीजखालच्या पॅडमधून, म्हणजे गाद्यांमधून, हवा सुटतेय, एफ शार्प एकीकडे नि ए भलतीकडे. पुण्याच्या पहिल्याच मे महिन्यात हेडला, म्हणजे फुंकायच्या तुकड्याला, ही एवढी चीर गेली. दुकानाचं नाव घेत नाही, चूक माझीही होती. पंधरा वर्षं सिल्व्हर फ्लूट, म्हणजे ऑर्केस्ट्रातला धातूचा कीवाला फ्लूट, वाजवल्यामुळे डोक्यात पक्कं बसलं होतं: जितक्या कीज जास्त, तितकं वाद्य भारी.

इथे नेमकं उलट आहे. हा बघा, आता मी वाजवते तो. सहा भोकं, एकही की नाही.

थोडा इतिहास सांगते, कारण त्यातच निवडीचं उत्तर आहे. आयरिश फ्लूट म्हणजे मुळात १९व्या शतकातला इंग्लिश ऑर्केस्ट्रातला लाकडी फ्लूट. १८३१ मध्ये जर्मन वादक आणि कारागीर थिओबाल्ड बोएम लंडनला गेला, तिथे त्याने इंग्लिश वादक चार्ल्स निकल्सनला ऐकलं. निकल्सनच्या फ्लूटची भोकं मोठी, आवाज दणदणीत. त्या आवाजाने बोएम इतका हलला की त्याने फ्लूट नव्याने आखायला घेतला, आणि १८४७ मध्ये सरळ नळीचा फ्लूट आणला. आपला सिल्व्हर फ्लूट त्याचाच वंशज. पुढे ऑर्केस्ट्रावाले हळूहळू बोएमकडे वळले, जुने लाकडी फ्लूट स्वस्तात निघाले, आणि आयर्लंडच्या स्लायगो, रॉसकॉमन, लेट्रिममधल्या वादकांच्या हाती पडले. म्हणजे आपण ज्याला मागे टाकलं, त्याच्याकडेच आता परत चाललोय.

आता हात बघा. कॅमेरा जवळ घेते. उजवी तर्जनी. तुमच्या फ्लूटवर ही दाबली की एफ नॅचरल. इथे तीच दाबली की एफ शार्प. पहिले दोन महिने मेंदू इथेच अडखळतो. उजवी करंगळी आपण जन्मभर ई फ्लॅटच्या कीवर ठेवून बसतो, तिला इथे कामच नाही. आणि डावा अंगठा! बी वाजवताना खाली, सी वाजवताना वर, ही आपली सवय. इथे अंगठा फक्त धरायला आहे. सवयीने उचललात तर फ्लूटच निसटतो. माझा दोनदा सोफ्यावर पडलाय. सी नॅचरल हवा असेल तर पहिलं भोक मोकळं, दुसरं-तिसरं बंद, असं.

बासरीवाल्यांनी हसू नका, तुम्हाला हे सगळं आधीच येतं. फक्त नावाचा घोळ लक्षात ठेवा. सगळी भोकं बंद केल्यावर डी लागतो, म्हणून हा डीचा फ्लूट. बासरीचं नाव मात्र वरची तीन बंद केल्यावर लागणाऱ्या सा-वरून. त्या हिशेबाने ही आपली पांढरी पाचची बासरी झाली.

कीजशिवाय डी मेजर, जी मेजर, ई मायनर आरामात निघतं, आणि सेशनमधल्या, म्हणजे आयरिश वादक एकत्र बसून वाजवतात त्या बैठकीतल्या, बहुतेक चाली तिथेच असतात. चांगल्या कारागिराकडचे कीवाले फ्लूट महाग पडतात, वर बऱ्याच ठिकाणी लांबलचक प्रतीक्षायादी. ते दुसऱ्या फ्लूटला ठेवा.

घेताना दोन घराणी कानावर पडतील, रडॉल आणि प्रॅटन, म्हणजे १९व्या शतकातल्या इंग्लिश फ्लूटच्या दोन घडणी. प्रॅटनची नळी रुंद, भोकं मोठी, आवाज भरदार, पण हवा खातो आणि बोटं ताणतो. रडॉलची भोकं त्या मानाने छोटी, सूर आटोपशीर. आपली बोटं कीजवर लाडावलेली असतात, म्हणून मी रडॉलच्या बाजूने. जुना अँटिक मिळाला तर? पहिला म्हणून नको. त्या काळची पट्टी आजच्या पट्टीला (ए म्हणजे ४४० हर्ट्झ) जुळेलच असं नाही.

लाकूड की डेलरिन, म्हणजे टणक प्लास्टिक? डेलरिन, डोळे झाकून. एप्रिलचं कोरडं ऊन आणि जुलैची दमट हवा, दोन्हींत ते ढिम्म राहतं. ग्रेनाडिला या काळ्या, कठीण लाकडाचा आवाज मला जास्त आवडतो, कबूल आहे. पण नवीन लाकूड सुरुवातीला रोज दहा-पंधरा मिनिटंच वाजवायचं, तेल लावायचं, जपायचं. तुम्हाला मात्र दिवसाला दोन तास वाजवायची सवय.

सगळ्यात महत्त्वाचं, फ्लूट पारखायचा कसा. आपण क्लासिकलवाले हातात घेतल्या घेतल्या तिसरं सप्तक लावून बघतो. नका. तिथे गोड वाजणारा फ्लूट निवडलात तर पुन्हा सिल्व्हर फ्लूटच घरी आणाल, फक्त काळ्या रंगाचा. खालचा डी लावा. हेड थोडं आत वळवा, भोक ओठाने नेहमीपेक्षा जास्त झाका, हवेची धार बारीक करा. सूर जाड, करकरीत, रीडसारखा फुटायला हवा. आयरिश फ्लूटवादक मॅट मलॉय ऐका, मी काय म्हणतेय ते कळेल. पहिल्या दिवशी तो सूर तुमच्याकडून निघणार नाही, म्हणून शक्य असेल तर तोच फ्लूट एखाद्या जाणत्याकडून वाजवून घ्या.

मग सिल्व्हर फ्लूटवरच का नाही? वाजवतात की. आयरिश संगीत वाजवणारी जोआनी मॅडन तेच करते आणि झकास करते. पण कट, टॅप, रोल ही आयरिश चाली सजवायची सगळी बोटांची करामत उघड्या भोकावर जशी टचकन लागते, तशी पॅडवर मला तरी कधी जमली नाही.

आता दोन रेकॉर्डिंग लावते, दोन्ही खालच्या डीची. पहिलं डेलरिन घेतल्याच्या तिसऱ्या दिवशीचं, शेजारच्या काकूंनी कुकरची शिट्टी बिघडलीय का विचारलं होतं ते. दुसरं काल रात्रीचं.